स्किल गेम आहे, मान्य. मग?

पोकर खेळणाऱ्या माणसाला जुगारी म्हणालात की तो चिडतो. मीपण चिडायचो. अमेरिकेत असताना चारपाच वर्षं ऑनलाइन पोकर खेळलो, छोट्या टेबलांवरच, आणि कुणी तोंड वाकडं केलं की माझं भाषण तयार असायचं, की अहो हा नशिबाचा खेळ नाहीये, यात गणित आहे, समोरचा काय विचार करतोय ते ओळखावं लागतं, शिस्त लागते वगैरे. भाषण खोटं नव्हतं. पण पुढे डेली फँटसीच्या (खऱ्या सामन्यांतले खेळाडू निवडून रोज पैसे लावायचा ऑनलाइन खेळ) कंपन्यांनी तेच भाषण जवळजवळ शब्दशः उचललं आणि कोर्टात, टीव्हीवर, जिथे जागा मिळेल तिथे म्हणून दाखवलं, तेव्हा ते बाहेरून ऐकताना पहिल्यांदा खटकलं. खेळात कौशल्य आहे हे सिद्ध झालं की विषय संपला असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. कौशल्य आहे म्हणूनच या धंद्यावर जास्त नियम पाहिजेत, आणि हे कुणी दाखवून दिलं असेल तर ते पोकर सोडून तिकडे गेलेल्या लोकांनी.

थोडं मागे जाऊ. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट (आडनाव खरंच मनीमेकर) शंभर डॉलरपेक्षाही कमी पैशांच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून आला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते, तीनच वर्षांनी २००६ मध्ये ८,७७३. म्हणजे किती नवशिके लोक पैसे घेऊन आत आले असतील बघा, आणि नवशिके आले की त्यांच्यावर जगणारेही आले, घरी बसून एकाच वेळी आठ आठ टेबलं उघडून खेळणारे, तासाला पाचशे हात, महिन्याच्या शेवटी स्प्रेडशीट. आम्ही त्यांना ग्राइंडर म्हणायचो, थोडं कौतुकानेच.

मग २००६ च्या ऑक्टोबरात अमेरिकन काँग्रेसने बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला शेपूट जोडून ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या देवघेवीवर बंदी घालणारा कायदा पास केला. पोकरचं नाव घेतलं नाही पण मार पोकरलाच बसला, आणि त्याच कायद्यात फँटसी स्पोर्ट्सला मात्र सवलत दिली. अटी अशा की बक्षिसं आधी जाहीर पाहिजेत, किती लोक आले यावर ती ठरता कामा नयेत, निकाल खेळणाऱ्याच्या ज्ञानावर आणि कौशल्यावर पाहिजे, एकापेक्षा जास्त प्रत्यक्ष सामन्यांतल्या खेळाडूंच्या आकड्यांवरून लागला पाहिजे, नुसत्या एका टीमच्या स्कोअरवर नाही. तेव्हा फँटसी म्हणजे काय होतं, तर ऑफिसातल्या दहाबारा जणांनी सीझनच्या सुरुवातीला खेळाडू वाटून घ्यायचे आणि चारपाच महिने एकमेकांना टोमणे मारायचे. हा कायदा करण्यात पुढे असलेले जिम लीच यांनी २०१५ मध्ये सांगूनच टाकलं की यातून रोजच्या रोज चालणारी असली पैजबाजी उभी राहील असं तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

डेली फँटसी माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. सीझनभराचा खेळ एका रात्रीत बसवायचा. तुम्हाला खोटा पगार मिळतो, ड्राफ्टकिंग्ज या कंपनीच्या साइटवर ५०,०००, फॅनड्यूएल या दुसऱ्या कंपनीच्या साइटवर फुटबॉलसाठी ६०,०००, त्यात त्या दिवशी खेळणारे खेळाडू विकत घ्यायचे, प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि सामने संपले की धावा, पासेस, बास्केट जे काय असेल त्याचे पॉइंट. एंट्री फी मात्र खरी, बक्षीसही खरं. फॅनड्यूएल २००९ मध्ये सुरू झालं, गंमत म्हणजे एडिनबरामध्ये, आणि ड्राफ्टकिंग्ज २०१२ मध्ये बॉस्टनला.

आणि या दोघांच्या मधे आला १५ एप्रिल २०११. पोकरवाले त्याला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. सरकारी वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर या पोकर साइट्सच्या लोकांवर खटले भरले आणि अमेरिकेतली टेबलं रातोरात बंद. पुढे कळलं की फुल टिल्टकडे खेळाडूंचे पैसेच पुरेसे शिल्लक नव्हते, जगभरातल्या खेळाडूंचे मिळून ३९ कोटी डॉलर देणं आणि बँकेत त्याच्या सहावा हिस्सापण नाही. अमेरिकन खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. आता असा विचार करा की तुम्ही पंचविशीतले आहात, कॉलेज अर्धवट सोडलंय, येतं काय तर पोकर, आणि एका शुक्रवारी तुमचा धंदाच बंद पडतो. काहीजण कॅनडात गेले, काही मेक्सिकोत, आणि बऱ्याच जणांच्या नजरेला पडली ही फँटसीची सवलत. माझ्या ओळखीतला एकजण, पोकरच्या टेबलावरच दोस्ती झालेला, २०१३ मध्ये तिकडे गेला. त्याला बेसबॉल आवडतही नव्हतं. आणि तरी पहिल्याच सीझनला तो कमवून आला.

हे कसं जमलं याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कायदा म्हणतो 'ज्ञान आणि कौशल्य', आणि ऐकणाऱ्याला वाटतं ज्ञान म्हणजे खेळाचं ज्ञान, कुठला पिचर डावखुऱ्या बॅटरला चालत नाही वगैरे. पण पोकरवाले जे घेऊन गेले ते खेळाचं ज्ञान नव्हतंच. त्यांना माहीत होतं की एका रात्रीत बँकरोलचा, म्हणजे खेळायला बाजूला ठेवलेल्या पैशांचा, किती हिस्सा लावायचा, सलग दहा वेळा हरल्यावर डोकं फिरू न देता, म्हणजे टिल्ट न होता, अकराव्यांदा तेच कसं करायचं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणासमोर बसायचं. वासरात लंगडी गाय शहाणी ही म्हण आपण हिणवायला वापरतो, पोकरमध्ये ते चक्क धोरण आहे. जगातला दहावा उत्तम खेळाडू पहिल्या नऊ जणांच्या टेबलावर बसला तर भिकेला लागेल. फँटसीत टेबलाच्या जागी कॉन्टेस्ट आली. एकास एकच्या लॉबीत नवीन नाव दिसलं रे दिसलं की पट्टीचे खेळाडू सेकंदात त्याची एंट्री उचलायचे. बिचाऱ्या नवशिक्याला वाटायचं आपल्यासारखाच कुणीतरी हौशी समोर आलाय.

बाकीचं काम सॉफ्टवेअरचं. खेळाडूंचे अंदाज, बरेचदा बेटिंगच्या बाजारभावावरूनच काढलेले, आणि मग ऑप्टिमायझर त्या ५०,००० मध्ये सगळ्यात जास्त पॉइंट बसवून देतो. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत एकाच टीमचे चारपाच बॅटर एकत्र घ्यायचे, कारण एक चालला तर पुढचाही चालतो, आणि शिवाय बाकी पब्लिक कुणाला घेणार याचा अंदाज बांधून मुद्दाम थोडं बाजूला सरकायचं. यात कौशल्य नाही असं कोण म्हणेल! पण एखादा चाहता, आयुष्यभर टीमवर जीव टाकलेला, आवडत्या खेळाडूला घेतो तेव्हा तो ज्या स्पर्धेत उतरलाय असं त्याला वाटतं ती स्पर्धा तिथे चालूच नाहीये. तो बेसबॉल खेळतोय आणि समोरचा बाजारभाव खेळतोय.

आता पैशांचं बघू. दहा डॉलरची साधी स्पर्धा घ्या, निम्मे जिंकतात, कंपनी दहा टक्के ठेवते, म्हणजे जिंकलात तर १८ मिळतात. नुसतं पाण्यावर राहायला तुम्हाला १८ पैकी १० वेळा, म्हणजे ५५.६ टक्के वेळा जिंकावं लागतं. निम्म्या लोकांपेक्षा चांगलं असून भागत नाही. समजा तुम्ही खरंच चांगले आहात, ५८ टक्के जिंकता, तर दहा डॉलरमागे ४४ सेंट सुटतात. आणि तुम्ही ५८ टक्केवाले आहात की नुसता कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडलीये हे कळायला किती रात्री लागतील? मी कागदावर मोघम हिशोब केला, एका रात्रीचं एक लाइनअप (निवडलेल्या खेळाडूंचा संच) म्हणजे एक नमुना धरून, तर हा अडीच टक्क्यांचा फरक खात्रीने दिसायला साधारण सतराशे रात्री लागतात. बेसबॉलचा सीझन सहा महिन्यांचा असतो, म्हणजे रोज खेळलात तरी नऊ दहा वर्षं. अमेरिकन फुटबॉल आठवड्यातून एकदाच येतं, त्याचं तर बोलायलाच नको.

पोकरशी इथेच मोठा फरक पडतो आणि तिकडे जाणाऱ्या बहुतेकांनी तो आधी जोखला नाही. ऑनलाइन पोकरमध्ये महिन्याभरात पन्नास हजार हात होतात, आपण बरे आहोत की वाईट याचा काहीतरी पत्ता लागतो. फँटसीत एका रात्री शंभर जणांशी एकास एक खेळलात तरी लाइनअप एकच असेल तर तो एकच नमुना आहे, शंभर नाहीत, लाइनअप पडलं की सगळीकडेच पडलं. माझ्या मित्राचा दुसरा सीझन असाच गेला. पहिल्या वर्षी कमावलं ते कौशल्य होतं की नशीब हे त्याला आजही सांगता येत नाही, आणि हा माणूस पोकरमध्ये स्वतःच्या चुका दशांश चिन्हापर्यंत सांगायचा.

मग कमावतं कोण? २०१५ च्या बेसबॉल सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागाचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे, लिहिणाऱ्या दोघांपैकी एक एड मिलर, पोकरवरच्या पुस्तकांमुळे ओळखला जाणारा, म्हणजे त्याला काय शोधायचं हे नेमकं माहीत होतं. त्यात दिसलं की फँटसी खेळणाऱ्यांच्या एकूण नफ्यापैकी ९१ टक्के नफा त्यांच्यातल्या १.३ टक्के लोकांकडे गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी (राज्याचे मुख्य सरकारी वकील) कोर्टात मांडलं की ड्राफ्टकिंग्जच्या स्वतःच्याच आकड्यांप्रमाणे २०१३ आणि २०१४ मिळून ८९.३ टक्के खेळाडू तोट्यात होते. हे आकडे वाचून लोक म्हणाले बघा, जुगार आहे जुगार. अहो नाही! शुद्ध जुगार असता, नुसती लॉटरी असती, तर नफा असा त्याच त्याच मूठभर लोकांच्या खिशात सीझनभर जात राहिला नसता. हे आकडे कौशल्याचाच पुरावा आहेत. आणि कंपनीचे वकील जेव्हा छाती फुगवून सांगतात की आमच्याकडे तेच तेच लोक जिंकतात म्हणून हा स्किल गेम, तेव्हा त्याच वाक्याचा दुसरा अर्थ असा निघतो की तेच तेच लोक हरतात, आणि हरणाऱ्यांनाच टीव्हीवरून बोलावणं चाललं होतं. २०१५ च्या फुटबॉल सीझनला जाहिरातींचा नुसता भडिमार होता, मोठा चेक हातात धरलेला कुणीतरी साधा माणूस, तुम्हीपण जिंकू शकता. त्या साध्या माणसासमोर जो बसणार तो जाहिरातीत कधी दिसला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एक प्रकरण गाजलं. ड्राफ्टकिंग्जच्या एका कर्मचाऱ्याकडून कुठला खेळाडू किती टक्के लाइनअपमध्ये आहे ही माहिती वेळेआधी बाहेर पडली आणि त्याच आठवड्यात त्याने फॅनड्यूएलवर साडेतीन लाख डॉलर जिंकले. चौकशीत निघालं की ती माहिती हातात यायच्या आधीच त्याला लाइनअप बदलता येणं बंद झालं होतं, तर त्याच्यावर व्यक्तिशः काही म्हणायला नको. पण तळे राखी तो पाणी चाखी हे दोन्ही कंपन्यांत राजरोस चालू होतं, एकीचे कर्मचारी दुसरीकडे खेळत होते, हे त्यामुळे लोकांना कळलं. लगेच बंदी आली. लाज वाटून आली की बोभाटा झाला म्हणून, ते तुम्ही ठरवा.

कोर्टांचं म्हणाल तर हसावं की रडावं कळत नाही. २०१२ मध्ये जॅक वाइनस्टाइन या न्यायाधीशांनी लांबलचक निकाल लिहून सांगितलं की पोकरमध्ये कौशल्याचा वाटा जास्त आहे, आणि वर्षभराने वरच्या कोर्टाने तो फिरवला, म्हणाले कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. फँटसीला २०१५ मध्ये नेवाडाने सांगितलं हा जुगार आहे, लायसन्स काढा. न्यूयॉर्कमध्ये २०१६ ला कायदा करून परवानगी दिली, त्यावर खटला चालला आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितलं की स्किल गेम आहे, चालेल. चार विरुद्ध तीन! सात शिकलेली माणसं एकाच प्रश्नावर बसली आणि निम्मी इकडे निम्मी तिकडे, म्हणजे ती मोजपट्टीच कामाची नाही असं कुणाला वाटत नाही का. तराजूच्या एका पारड्यात नशीब आणि एकात कौशल्य टाकून कुठलं जड होतं बघायचं, यात हरणाऱ्या माणसाला काय कळलं होतं आणि काय लपवलं होतं हा प्रश्न येतच नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की मोठी माणसं आहेत, स्वतःचे पैसे आहेत, बुद्धिबळाच्या स्पर्धेलाही फी असते आणि तिथेही ग्रँडमास्टरच जिंकतो. बरोबर आहे. पण बुद्धिबळात समोर ग्रँडमास्टर आहे हे नावापुढे लिहिलेलं असतं, रेटिंग असतं, नवशिक्यांचे गट वेगळे असतात, आणि ग्रँडमास्टर एकाच पटावर एका नावाने बसतो, दीडशे पटांवर नाही. फँटसीच्या मोठ्या स्पर्धांत एकाच माणसाच्या दीडशे एंट्र्या ही आता 'मर्यादा' आहे, आधी तर याहून कितीतरी जास्त टाकायचे. पोकरच्या टेबलावर निदान आठच जण असायचे, कोण किती वेळा बाजी मारतोय दिसायचं, नाही पटलं तर उठून जायचो. इथे समोर कोण आहे हेच दिसत नाही, आणि सामना सुरू झाल्यावर उठताही येत नाही.

त्यामुळे मला मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये केलेलं आवडलं. तिथल्या तेव्हाच्या अॅटर्नी जनरल मॉरा हीली यांनी स्किल की जुगार या वादात न शिरता हे ग्राहकाच्या संरक्षणाचं प्रकरण धरलं. हजारपेक्षा जास्त स्पर्धा खेळलेल्याच्या नावापुढे खूण लावा, नवशिक्यांसाठी वेगळ्या स्पर्धा ठेवा आणि त्यात या जुन्या खोडांना येऊ देऊ नका, एका माणसाच्या एंट्र्यांना मर्यादा, आपोआप खेळणाऱ्या स्क्रिप्टना बंदी, वय २१, महिन्याला हजार डॉलरच्या वर भरायचे असतील तर परवडतं हे दाखवा. पुढे बाकी काही राज्यांनी यातलं थोडंफार उचललं. पोकरवाल्यांनी यावर बोंब मारली, माझा मित्रही त्यात होता, की आम्ही कष्टाने शिकलो त्याची ही शिक्षा का. मला त्याचं दुःख कळतं, खरंच. पण खूण लावल्याने त्याचं कौशल्य कमी होत नाही, फक्त समोरच्याला ते दिसतं, आणि समोरच्याला ते दिसलं की तुमचा नफा जात असेल तर त्या नफ्यातला किती वाटा कौशल्याचा होता आणि किती समोरच्याच्या अंधारात असण्याचा?

अजून एक गोष्ट. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या बेटिंगवरची केंद्राची बंदी रद्द केली आणि याच दोन कंपन्या, ज्या इतकी वर्षं आम्ही बेटिंगवाले नाही हो नाही म्हणत होत्या, राज्याराज्यांतून परवानगी मिळत गेली तशा उघड बेटिंगमध्ये उतरल्या आणि आज तिथल्या सगळ्यात मोठ्या झाल्यात. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरजच संपली. पण बेटिंगमध्ये जिंकणाऱ्याचं काय होतं माहितीये? तिथे सलग जिंकणाऱ्याची पैजेची मर्यादा कमी करत करत नेतात, कारण तो कंपनीच्या खिशातून नेतो. फँटसीत तोच माणूस लाडका, त्याला खास वागणूक, कारण तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या खिशातून नेतो आणि वर प्रत्येक एंट्रीला कंपनीचे दहा टक्के सोडून जातो. कंपनीला स्वतःचे पैसे वाचवायचे असतात तेव्हा पट्टीचा खेळाडू बरोब्बर ओळखता येतो. गिऱ्हाइकाचे वाचवायचे असतात तेव्हाच तेवढं अवघड जातं.

त्यामुळे पोकरवाल्याने तिकडे जावं का असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन गणित करून जा, पण बहुतेक तू उशीर केलायस, वासरं कमी झालीत आणि उरलेत ते सगळे तुझ्यासारखेच ऑप्टिमायझर घेऊन बसलेत. आणि परवानगी द्यावी का असं विचारलं तर द्या, पण एंट्रीच्या बटणाच्या वर दोन आकडे टाका, या स्पर्धेत हजारपेक्षा जास्त स्पर्धा खेळलेले किती जण आहेत आणि तुम्ही आजपर्यंत एकूण किती हरलात किंवा जिंकलात. दोन्ही आकडे कंपनीकडे असतातच, नव्याने काही मोजायचं नाहीये. हे मी मित्राला बोलून दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "अरे पण मग आमच्यासमोर बसणार कोण?"